वायसरला चेहरा हवा

केसरबाईंविषयी लिहिण्याचा मला खरे तर अधिकार नाही. काही वर्षे आम्ही एकाच पत्र्याच्या शेडखाली काम केले, एवढेच. मोशीत त्या नेमक्या कुठे राहत, रविवारी काय करत, त्यांना काय आवडे, यातले मला काहीही माहीत नव्हते. त्यांचे आडनावसुद्धा मला त्या गेल्यावर कळले, कंपनीच्या इन्स्टाग्राम पेजवर श्रद्धांजली आली तेव्हा. आणि ते आडनाव चुकीचे पडले होते, असे नंतर विजयश्रीने सांगितले. म्हणजे तेही कळले नाहीच.

श्रद्धांजली तशी देखणी होती. काळा-पांढरा फोटो, भोवती वायसरांचे वर्तुळ, आणि खाली 'आमच्या ब्रँडचा हसरा चेहरा हरपला' असे ठळक अक्षरात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पेजवर केसरबाई रंगीत होऊन आल्या आणि हसत 'शुभ सकाळ मंडळी' म्हणाल्या. असे व्हिडिओ आधीच रांगेत लावून ठेवलेले असतात, वेळ झाली की आपोआप निघतात, असे मला समजावण्यात आले. श्रद्धांजलीपेक्षा शुभ सकाळला लाइक थोडे जास्त पडले. श्रद्धांजलीखाली 'आपल्या आठवणी लिहा' असे होते. मी फोन हातात घेऊन बसलो, 'भावपूर्ण' एवढा शब्द लिहिला आणि खोडला. त्या चौकटीत मावेल असे काही सुचेना. म्हणून हे कागदावर लिहितो आहे. जमेल की नाही, माहीत नाही.

धनेशची शेड चाकणच्या अलीकडे, कुरुळीच्या आतल्या रस्त्याला आहे. त्याचे वडील ज्योतीराम धाराशिवकडून आले, दुसऱ्याच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर राबले आणि मग एक जुनी प्रेस घेऊन स्वतःचे वायसर काढू लागले. वायसर म्हणजे नळात असतो तो रबरी नव्हे. पत्र्यातून कापलेली लोखंडी चकती, मध्ये भोक. ती गाडीच्या पोटात कुठेतरी बसते आणि गाडीवाल्याला जन्मभर तिचा पत्ता लागत नाही. आमच्याकडे एकाच मापाचा वायसर निघतो आणि तो एकच मोठी कंपनी घेते. दुसरे गिऱ्हाईक नाही, पूर्वीही नव्हते. मी एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालो होतो, घरी करमेना म्हणून तिथे अर्धा दिवस टॅग बांधायला जाऊ लागलो. चांगल्या मालाला हिरवा टॅग, संशय असेल तर पिवळा, रिजेक्टला लाल. मला झेपेल असे ते काम होते.

प्रेसच्या पलीकडे ट्यूबलाइटखाली एक लांब टेबल होते. तिथे चार बायका स्टुलांवर बसून वायसर निवडत. केसरबाई त्यांत थोरल्या. वायसर उचलायचा, कडेवरून बोट फिरवायचे, भोक गेजवर, म्हणजे मापाच्या खुंटीवर, घालून बघायचे. चांगला असेल तर निळ्या क्रेटमध्ये, वाईट असेल तर लाल पेटीत. या लाल पेटीचा आमच्या भागात फार धाक असतो. तिला कुलूप असते, वर फक्त एक फट असते, आणि आत पडलेला नग पुन्हा कधी बाहेर येत नाही. आला तर चांगल्यात मिसळेल, कुणाच्या तरी गाडीत बसेल, मग त्या गाडीचे आणि गाडीवाल्याचे काय व्हायचे ते होवो. चाकणपासून भोसरीपर्यंत कुठल्याही कारखान्यात जा, हेल्परच्या पहिल्या दिवशी त्याला संडास कुठे आहे हे सांगण्याआधी लाल पेटी दाखवतात.

केसरबाई वायसरांशी बोलत. हे मी सुरुवातीला ऐकले तेव्हा मला वाटले, त्या माझ्याशीच बोलताहेत, आणि मी एकदोनदा उत्तरही दिले.

"ये, तू कुठं निघालास? दात आल्यात तुला. चल, बस आत."

"काय म्हणालात?"

"तुमाला न्हाई भाऊ. ह्याला म्हनते."

कडेला राहिलेल्या धारेला त्या दात म्हणत. भोक वाकडे असेल तर 'तिरळ्या' म्हणत. सगळा माल चांगला निघाला की 'आज समदी शानी पोरं आल्यात' म्हणून खूश होत. बाकीच्या तिघी हसत. विजयश्री ही त्यांतली सगळ्यांत तरुण, ती म्हणे, "मावशी, घरी काकांशी बोलता का एवढं?" त्यावर केसरबाई म्हणत, "त्येंच्याशी बोलून काय करू? त्येंना गेजवर घालता येतंय व्हय?"

त्यांचे यजमान खंडू पिंपरीकडे एका फाउंड्रीत सुपरवायझर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. एवढे मात्र मला माहीत होते, कारण त्याचा त्रास केसरबाई रोज सांगत.

"तिकडं धा मानसांचं सुपरवायझर व्हते. आता माझ्या एकटीचं झाल्यात. चहाला किती उकळ्या आल्या त्ये मोजत्यात. भाऊ, मी जर घरी बसले ना, तर ह्यो मानूस मला हजेरी लावाय लावंल."

म्हणून त्यांना ते स्टूल हवे होते. पगार तर हवाच होता, पण मला वाटते स्टूल जास्त हवे होते. चुकत असेन.

आणि ते स्टूलच जाणार होते. धनेश मोशीच्या प्रदर्शनात जाऊन आला होता आणि तिथे त्याने कॅमेऱ्याचे मशीन पाहिले होते. एका बाजूने वायसर ओतायचे, आत कॅमेरा एकेकाचा फोटो काढतो, चांगले एकीकडे पडतात, वाईट दुसरीकडे. चार बायकांच्या जागी एक पुरते, तीही नुसती ओतायला. "बघू, पुढच्या वर्षी घेऊ," असे धनेश म्हणाला आणि त्या दिवसापासून चौघी एकमेकींकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागल्या. केसरबाईंचे गुडघे दुखत. ओतायला त्यांना कोण ठेवणार?

अशा वेळी ब्रँड आला.

धनेश हिंजवडीच्या एका हॉटेलात एका दिवसाच्या शिबिराला गेला होता. उद्योजकांनी सोशल मीडियावर स्वतःचा ब्रँड कसा उभारावा, असा विषय होता. तिथून तो आला तो निराळाच माणूस होऊन. येताना वाहतुकीत फार वेळ अडकला होता, त्यामुळे विचार करायलाही भरपूर वेळ मिळाला असावा. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हा सगळ्यांना प्रेस बंद करून उभे केले आणि विचारले, "आपण काय विकतो?"

शेवटी प्रेसवाला घाबरत म्हणाला, "वायसर."

"चूक. आपण विश्वास विकतो."

प्रेसवाल्याने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

मला एक शंका होती. मी सहसा विचारत नाही, पण त्या दिवशी तोंडातून गेली. "धनेश, गिऱ्हाईक तर आपलं एकच आहे. त्यांना आपण माहीतच आहोत. मग बाकीच्यांना कशाला सांगायचं?"

धनेश माझ्याकडे प्रेमाने बघून म्हणाला, "काका, ब्रँड गिऱ्हाइकासाठी नसतो."

मग कशासाठी असतो, हे विचारायचा मला धीर झाला नाही. शेजारच्या शेडमधल्या नटबोल्टवाल्याचे पेज आहे, हे मात्र तो दोनदा बोलला.

पेज सांभाळायला मारुंजीतली एक एजन्सी ठरली. तिथून मिनल नावाची मुलगी येई. चोवीस-पंचवीसची असेल. येण्याआधी तिचा फोन येई की हिंजवडीच्या जाममध्ये आहे, मग बऱ्याच वेळाने पुन्हा येई की अजून तिथेच आहे. मुलगी गुणी होती. तिने पहिल्याच दिवशी सांगितले की लोक वस्तूशी नाते जोडत नाहीत, माणसाशी जोडतात, तेव्हा वायसरला चेहरा हवा. धनेश लगेच कोट घालून प्रेसपुढे हाताची घडी घालून उभा राहिला. त्या व्हिडिओला त्याच्या दोन मेहुण्यांनी आणि एका विमा एजंटने लाइक केले.

मग सणवार सुरू झाले. कोजागरीला दुधाच्या पेल्यात वायसर सोडून चंद्र केला. योग दिनाला वायसरांवर वायसर रचून ध्यानाला बसलेला माणूस केला, तो फोटो निघेपर्यंत दोनदा कोसळला. मातृदिनाला मोठा वायसर आणि त्याच्या कुशीत लहान वायसर, अशी कल्पना होती. पण आमचा वायसर एकाच मापाचा, त्यामुळे लहान वायसर भोसरीतून विकत आणावा लागला. एवढे करून पेजवर माणसे येईनात. मिनल रडवेली झाली. तिच्या एजन्सीत दर सोमवारी कुणाचे पेज किती वाढले ते भिंतीवर लावत आणि आमचे सगळ्यांत खाली असे. त्याच्या वरचे एका स्मशानभूमीजवळच्या फुलवाल्याचे होते.

त्या उदास अवस्थेत ती टेबलाजवळ उभी असताना केसरबाई एका वायसरला म्हणाल्या, "आरं, तुला किती येळा सांगितलं, असा तोंड वाकडं करून येऊ नको म्हनून? जा, बस आत मुकाट!" आणि तो लाल पेटीत टाकला.

मिनलने फोन बाहेर काढला. "मावशी, पुन्हा बोला ना असं."

"त्यो गेला की आत. आता दुसरा वंगाळ निघंस्तोवर थांब."

तो व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला. मला आकडे नीट कळत नाहीत, पण धनेशने पेढे आणले होते. लोकांना काय आवडले कोण जाणे. खाली लिहीत होते, 'आजी, मला पण रागवा ना', 'आजी, माझ्या नवऱ्याला पण लाल पेटीत टाका', 'आमच्या मॅनेजरला दात आलेत, काय करू?' परदेशातल्या मुलांना आपापल्या आज्या आठवल्या. नागपूरच्या एकाने विचारले की हा वायसर मिक्सरला बसेल का. ती आमच्याकडे आलेली पहिली आणि शेवटची चौकशी. धनेशने त्याला दोन वायसर रंगीत कागदात बांधून, सोबत आभाराचे कार्ड घालून, फुकट पाठवले. ते मिक्सरला बसले नाहीत.

केसरबाई बदलल्या का? थोड्या बदलल्या. पूर्वी त्या डोक्याला फडके बांधून येत, आता इस्त्रीचे फडके बांधू लागल्या. वायसरला रागावताना मान किंचित कॅमेऱ्याकडे वळू लागली. शेअर रिक्षात बायका त्यांना ओळखत, तेव्हा त्या 'मी न्हवं ती' म्हणत आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला सगळे सविस्तर सांगत. एजन्सीच्या साहेबांनी सांगून पाठवले की आजींना नऊवारी नेसवा, नथ घाला, मातीचा सुगंध आला पाहिजे. मिनलने ते खाली मान घालून सांगितले. केसरबाईंच्या डब्याच्या पिशवीवर बाबासाहेबांचा फोटो असे. मिनल पहिल्या दिवशी तो पाहूनच त्यांना हळूच 'जय भीम मावशी' म्हणाली होती, आणि तेव्हापासून दोघींचे जमले होते.

"नथ?" केसरबाई म्हणाल्या. "लग्नात न्हवती घातली मी. आता वायसर निवडाय घालू? तुझ्या सायबाला म्हनावं, तू घाल आन् ये. आमी बी व्हिडिओ काडतो."

नथ रद्द झाली. मातीच्या सुगंधाचे काय झाले कळले नाही. आमच्याकडे कटिंग ऑइलचा वास असतो.

आणि त्याच सुमारास धनेश सगळ्यांसमोर म्हणाला, "मशीन येऊ दे नाहीतर न येऊ दे, केसरमावशींची खुर्ची पक्की. मशीनवर त्याच बसणार. त्या आपला ब्रँड आहेत." टेबलावरच्या बाकी तिघींनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या असे म्हणता येणार नाही. केसरबाईंनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, आणि दुपारी स्वतःच्या डब्यातला बोंबील मला दिला. मी बोंबील खात नाही, पण त्या दिवशी खाल्ला.

यानंतर जे घडले तेव्हा मी नव्हतो. माझ्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते आणि मी घरी हिरवी पट्टी लावून पडलो होतो. पुढचे मी विजयश्रीकडून ऐकले.

मिनलला नव्या वर्षासाठी एक खास व्हिडिओ करायचा होता. चमकणाऱ्या वायसरांची रास, केसरबाई त्यात दोन्ही हात घालून ओंजळ भरतात, ओंजळीतून वायसर गळतात, आणि मागे संथ संगीत. पण निळा क्रेट तेलाने कळकट झालेला. त्यात वायसर मळकेच दिसत. मिनल म्हणाली, दुसरे काही नाही का? केसरबाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाल्या, "लाल घे की. लालात कसं उठून दिसंल बग."

कुलूप काढले. आतले पाच-पंचवीस वाईट वायसर एका पिशवीत बांधून बाजूला ठेवले. पेटी पुसली, चकचकीत केली, आणि तपासून झालेला, चांगला, कंपनीत जायचा माल तिच्यात काठोकाठ ओतला. केसरबाईंनी ओंजळ भरली, हसल्या, वायसर गळले. मग माल परत निळ्या क्रेटमध्ये ओतून गाडीत चढवला आणि कंपनीला गेला. व्हिडिओखाली मिनलने लिहिले, 'प्रत्येक वायसर, प्रेमाने निवडलेला.'

आतापर्यंतचा सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तो. आणि तो ज्यांनी पाहिला त्यांत आमच्या मोठ्या कंपनीच्या क्वालिटीच्या साहेबांची बायको होती. तिला केसरबाई फार आवडत. तिने जेवताना नवऱ्यापुढे फोन धरला, "अहो, बघा ना, किती गोड आहेत." साहेबांनी पाहिले ते असे: त्यांना माल पुरवणारी एक कंपनी, तिची रिजेक्टची लाल पेटी सताड उघडी, ती वायसरांनी तुडुंब, आणि एक बाई त्यातूनच हसत हसत माल उचलते आहे. खाली लिहिलेले, प्रेमाने निवडलेला.

इतक्या महिन्यांत आमची जाहिरात पहिल्यांदाच आमच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचली होती.

मी कामावर परतलो त्याच दिवशी साहेब आले. आमचा सगळा माल कंपनीने थांबवला होता आणि दोन टेंपो भरून परत पाठवला होता. चौघी बायका तो पुन्हा एकेक करून तपासत होत्या. धनेशच्या केबिनमध्ये मला टॅगचा हिशेब सांगायला बोलावले होते. तिथे साहेब, धनेश, केसरबाई आणि मिनल होते. मिनलचा चेहरा उतरला होता. खुर्च्या तीनच होत्या म्हणून मी आणि केसरबाई उभे होतो.

साहेबांनी केसरबाईंना फोनवरचा व्हिडिओ दाखवला. "हे वायसर कुठले?"

"चांगलंच व्हतं सायेब. तपासल्यालं."

"चांगले, मग लाल पेटीत कसे?"

"दिसाया."

"कोणाला दिसायला?"

"समद्यांनाच. तुमाला बी दिसलं की."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग धनेश मध्ये पडला. घाईघाईने म्हणाला, "सर, ही एजन्सीची मुलगी नवीन आहे. तिला शॉपफ्लोअर माहीत नाही. तिनंच पेटी उघडायला लावली. आम्ही तिला आजच काढून टाकतो."

मिनलच्या बोटांत फोन होता, तो तिने उलटा करून मांडीवर ठेवला.

"ती कशाला लावंल?" केसरबाई म्हणाल्या. "तिला काय कळतंय रंगातलं? तिनं तर तसल्या कळकट निळ्यात काडाया घेतलं व्हतं. लाल मी म्हनले. कुलूप मी काडलं. आन् बगा, लालातच उठून दिसलं का न्हाई? लोकं येडी झाली बगून."

मला आजही नक्की सांगता येत नाही की त्या मुलीला वाचवायला त्या असे बोलल्या, की आपल्या कल्पनेचे श्रेय दुसऱ्याला जाते आहे हे त्यांना सहन झाले नाही. दोन्ही असेल. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, थोडा तोराच होता. धनेशने डोळे मिटून घेतले.

मग 'का-का' झाले. आमच्याकडे काही चुकले की एक कागद भरावा लागतो. चूक का झाली, ते का झाले, तेही का झाले, असे पाच वेळा 'का' विचारायचे, म्हणजे मूळ सापडते, असे मानतात. साहेबांनी विचारले आणि धनेशने लिहिले.

"चांगला माल लाल पेटीत का?"

"व्हिडिओसाठी."

"व्हिडिओ का?"

"लोकांनी बघावा म्हणून."

"लोकांनी का बघावा?"

"ब्रँड व्हावा म्हणून."

"ब्रँड का?"

धनेशचे पेन थांबले. हॉटेलातल्या त्या शिबिरात याचे उत्तर नक्की सांगितले असणार, पण त्याला ते आठवेना. "सर, आजकाल... सगळ्यांचाच असतो."

"माल घेतो आम्ही एकटे."

"हो सर."

"मग?"

मला धनेशची दया आली. पाचवा 'का' तर विचारलाच गेला नाही. साहेबांनाही जेवायला जायचे होते. त्यांनी कागद ओढला आणि शेवटच्या रकान्यात स्वतःच लिहिले, 'मानवी चूक'. एकदा हे दोन शब्द पडले की उपाय ठरलेला असतो. पुढच्या रकान्यात आले की तपासणी हाताने बंद करावी, कॅमेऱ्याचे मशीन ताबडतोब बसवावे, आणि ज्या व्यक्तीने लाल पेटी उघडली ती यापुढे मालाला हात लावणार नाही. धनेशने सही केली. खुर्ची पक्की म्हणाला होता, त्याची आठवण मी करून द्यायला हवी होती की काय, ते तेव्हा सुचले नाही. केसरबाईंनीही काढली नाही.

दोन टेंपो मालात एकही वाईट वायसर निघाला नाही. त्याने काहीच फरक पडला नाही.

निघताना साहेब दारात घुटमळले. मग जरा ओशाळून म्हणाले, "आजी, एक फोटो काढू का तुमच्याबरोबर? मिसेसनं सांगितलंय."

"काडा की," केसरबाई म्हणाल्या आणि फडके नीट केले. "पर पेटी न्हाई दिसाया पायजे मागं."

मशीन आले. त्यावर विजयश्रीला बसवले. दोघींना घरी पाठवले. केसरबाईंना मात्र धनेश सोडायला तयार नव्हता, कारण पेजवर माणसे त्यांच्यासाठीच येत. त्याने मोठ्या मनाने तोड काढली. मालाला हात लावायचा नाही, पण महिन्यातून दोन-तीनदा यायचे आणि व्हिडिओला बसायचे. त्यासाठी जुन्या टेबलाचा एक तुकडा कापून कोपऱ्यात ठेवला. ट्यूब काढून तिथे गोल दिवा लावला. नवा, कधीच तेल न लागलेला निळा क्रेट आणला, आणि त्यात शोभेचे म्हणून रंग दिलेले वायसर. त्यांचे स्टूलही तेच ठेवले.

त्या दोनदा आल्या. मी टॅग बांधता बांधता पाहत असे. त्या स्टुलावर बसत, वायसर उचलत, आणि बोट आपोआप कडेवरून फिरे. रंगामुळे काही लागत नसे. मिनल म्हणे, "मावशी, त्याच्याकडे बघू नका, इकडे बघा. आणि रागवा ना त्याला."

"ह्याला कशापायी रागवू? ह्यो कुटं चाललाय? ह्यो हितंच ऱ्हानार."

"नुसतं असंच, गमतीनं."

मग त्या रागवत. पण ते ऐकून प्रेसवाला हसत नसे. लोकांना मात्र फरक कळला नाही. त्यांना ते पूर्वीइतकेच आवडले. मिनलने त्या दोन दिवसांत पुढे पुष्कळ दिवस पुरतील एवढी शुभ सकाळ काढून ठेवली. मला वाटते तिने ते जाणूनबुजून केले, म्हणजे केसरबाईंना सारखे यावे लागू नये. पण तेही मी कधी विचारले नाही.

दुसऱ्या वेळी, जी शेवटचीच ठरली, काम उरकल्यावर आम्ही दोघे एकदमच बाहेर पडलो. नाशिक रस्त्याच्या कडेला मोशीच्या रिक्षाची वाट पाहत उभे होतो. मला तिथून पुढे भोसरीला जायचे होते. कंटेनर जात होते, बोलणे ऐकू येत नव्हते. मला काहीतरी म्हणावेसे वाटत होते, त्या दिवशी केबिनमध्ये त्या बोलल्या त्याबद्दल. कसे सुरू करावे ते कळेना. तेवढ्यात, शेडमधून निघताना मिनलने मागून ओरडून सांगितले होते ते आठवले, आणि मी तेच विचारले.

"परवा बोलावलंय ना तुम्हाला? येणार?"

केसरबाईंनी हात करून रिक्षा थांबवली, आत बघितले, आतल्यांना सरकवून जागा केली आणि बसता बसता म्हणाल्या, "परवा न्हाई जमायचं. परवा आमच्यात नळाला पानी यायचा दिस हाय."

"आमच्याकडे उद्या आहे."

"मंग भरून ठिवा."